लाईट आली, नॅस सुरू झाला, पण फोल्डर उघडत नाहीत: सेटिंगचा बॅकअप आणि रिस्टोर

वळवाचा पहिला गडगडाट झाला की देवगडपासून गुहागरपर्यंतच्या लहान ऑफिसांतून, फोटो स्टुडिओंतून, आंब्याच्या पॅकिंग हाउसमधून एकाच तऱ्हेचे फोन येऊ लागतात. रात्री लाईट गेली-आली, गेली-आली. सकाळी नॅसचा (सगळ्या ऑफिसच्या फाइली एका जागी ठेवणाऱ्या, नेटवर्कला जोडलेल्या डिस्कच्या पेटीचा) हिरवा दिवा लागलाय, डिस्कचा आवाज येतोय, पण कॉम्प्युटरवर फोल्डर दिसत नाहीत. किंवा दिसतात, पण पासवर्ड मागतात आणि कालचा पासवर्ड आज चालत नाही. "ओ, सगळा गेला काय?" हा पहिला प्रश्न.

बहुतेक वेळा डेटा शाबूत असतो. हरवलेली असते ती मांडणी: युजर कोण, कोणाला कुठला फोल्डर उघडतो, पेटीचा आयपी पत्ता काय, स्कॅनरने फाइल कुठे टाकायची, रात्रीचा बॅकअप कुठे जातो. जमीन जागेवर आहे, सातबारा सापडत नाही, अशी ही अवस्था. ती दर पावसाळ्यात परत येते, कारण एकदा फोल्डर उघडले की सगळे कामाला लागतात आणि सेटिंगची फाइल काढून ठेवायची राहून जाते. रेड (अनेक डिस्कची एकत्र जोडणी) आहे म्हणून आपण निर्धास्त असतो. पण रेड एखादी डिस्क गेली तर डेटा सांभाळते. युजरची यादी चुकून पुसली गेली, तर ती सगळ्या डिस्कवर एकदमच पुसली जाते.

आधी हात मागे

नॅसच्या पानावर "इन्स्टॉल", "सेटअप" किंवा "इनिशियलाइझ" असं बटण दिसलं तर ते दाबू नका. सिस्टिम बिघडली की पेटी नवीन असल्यासारखी विचारते, आणि "डिस्कवरचा सगळा डेटा जाईल" या ओळीसमोर टिक करायला सांगते. ती टिक म्हणजे परतीचा रस्ता बंद. "रिकव्हर" किंवा "मायग्रेट" असा पर्याय असेल तर तो वेगळा. त्यात डेटा ठेवून सिस्टिम पुन्हा बसवली जाते. तरीही स्क्रीनवरचं प्रत्येक वाक्य वाचून, मोबाईलवर त्याचा फोटो काढूनच पुढे जा.

मागच्या रिसेट बटणाचंही तेच. सिनॉलॉजी या कंपनीच्या पेट्यांवर ते साधारण ४ सेकंद दाबलं की एक बीप येतो आणि ॲडमिनचा पासवर्ड व नेटवर्कची सेटिंग मूळ स्थितीला जातात. बाकीचं राहतं. त्या बीपनंतर बटण सोडून लगेच पुन्हा ४ सेकंद दाबलं तर तीन बीप येतात आणि सिस्टिमच नव्याने बसवावी लागते. डेटा त्यातही राहतो, पण आपण शोधत होतो ती मांडणी आपल्याच हाताने जाते. दोन्हींत फरक काही सेकंदांचा आहे, म्हणून ते बटण दुकानातल्या पोराच्या हाती देऊ नये.

डिस्क बाहेर काढून विंडोजच्या कॉम्प्युटरला लावण्याचा मोह आवरा. विंडोजला ती मांडणी वाचता येत नाही. ते डिस्क "इनिशियलाइझ" करू का म्हणून विचारतं, आणि गोंधळलेला माणूस हो म्हणतो.

नेमकं काय गेलंय ते ओळखा

सगळ्यात साधं कारण म्हणजे पत्ता बदलला. विजेने राउटर जळाला, फायबरवाल्याचा माणूस नवीन राउटर लावून गेला, आणि जुना राउटर १९२.१६८.१ या मालिकेत पत्ते देत होता तिथे नवीन १९२.१६८.० मध्ये देतो. नॅसला पक्का पत्ता दिलेला असेल तर तो जुन्याच मालिकेत अडकून बसतो, आणि बाकी सगळं ऑफिस नव्या मालिकेत. माझा सल्ला असा की नॅसला हात लावू नका, नव्या राउटरचा पत्ता बदलून जुनी मालिका परत आणा. नॅसचा पत्ता बदललात तर प्रत्येक कॉम्प्युटरवरचा मॅप केलेला ड्राइव्ह, स्कॅनर, बिलिंगचं सॉफ्टवेअर, सगळीकडे तो बदलत बसावं लागेल. पुढच्या वेळेसाठी राउटरमध्येच नॅसच्या मॅक पत्त्यासाठी (नेटवर्क कार्डचा स्वतःचा ओळखक्रमांक) आयपी राखून ठेवा आणि राउटरच्या सेटिंगचीही बॅकअप फाइल काढा. ती सोय बहुतेक राउटरांत असते.

दुसरं कारण क्वचितच कोणाच्या लक्षात येतं: घड्याळ. पेटीच्या आत बोर्डावर बटणासारखा चपटा सेल असतो. बऱ्याच बोर्डांवर तो सीआर २०३२, ३ व्होल्टचा असतो. प्लग चालू असेपर्यंत घड्याळाला वीज भिंतीकडून मिळते, त्यामुळे सेल मेलाय हे वर्षानुवर्षं कळत नाही. लाईट पाच-सहा तास गेली की ते उघडं पडतं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, त्यानंतर दापोली-मंडणगडच्या कित्येक गावांत आठवडे लाईट नव्हती. तेवढा काळ घड्याळ निव्वळ त्या सेलवर चालवायचं असतं. तारीख मागे गेली की दोन टप्प्यांच्या लॉगिनचा कोड चालत नाही, कारण तो साधारण दर ३० सेकंदांनी वेळेवरूनच तयार होतो. ब्राउझर सर्टिफिकेट अवैध म्हणतो. आणि ऑफिसात विंडोजचं डोमेन (सगळ्यांची खाती एकाच सर्व्हरवर) असेल तर वेळेत ५ मिनिटांहून जास्त फरक पडला की डोमेनचा सर्व्हर ओळखच नाकारतो. पासवर्ड बरोबर, तरी दार बंद. इंटरनेट असेल तर नॅस वेळ स्वतः जुळवून घेतो, पण आपल्याकडे झाड पडलं की लाईट आणि फायबर बरोबरच जातात, आणि फायबर मागाहून येतं. म्हणून सेटिंगला हात लावण्याआधी पेटीची तारीख बघा. सेल स्वस्त असतो, आगोटीच्या (पावसाळ्याआधीच्या) तयारीत तो बदलून टाका.

पत्ता बरोबर, तारीख बरोबर, आणि तरी ॲडमिनमध्ये शिरल्यावर युजरची यादी रिकामी किंवा शेअर (नेटवर्कवर सगळ्यांना दिसणारे फोल्डर) गायब, तर मग सेटिंग खरोखर गेली आहे.

सेटिंग राहते कुठे

हे पेटीगणिक बदलतं, आणि ते माहीत असेल तर निम्मी भीती जाते.

सिनॉलॉजीत सिस्टिमचा भाग आतल्या प्रत्येक डिस्कवर आरशासारखा लिहिलेला असतो. त्यामुळे विजेने पेटीचा बोर्ड जळाला आणि डिस्क वाचल्या, तर त्याच डिस्क, त्या चालतील अशा दुसऱ्या मॉडेलमध्ये घातल्यावर युजर, शेअर, परवानग्या बहुधा सोबतच येतात.

ट्रूनॅस या नॅसच्या सॉफ्टवेअरमध्ये उलट. सिस्टिम आणि सेटिंग एका वेगळ्या बूट डिस्कवर (जिच्यावरून पेटी सुरू होते), डेटा दुसऱ्या डिस्कच्या पूलमध्ये (एकत्र जोडलेल्या साठ्यात). बूट डिस्क म्हणून कोणी काटकसरीने पेनड्राइव्ह लावला असेल तर तो सततच्या लिखाणाने झिजतो आणि लाईटच्या एखाद्या झटक्यात बसतो. पूल सुखरूप असतो, पण त्याच्याकडे कोणाला पाठवायचं हे सांगणारं कोणी उरत नाही. ही सगळी सेटिंग एका छोट्या डेटाबेस फाइलमध्ये असते, तिचं नाव अजूनही जुन्या वळणाचं, फ्रीनॅस-व्ही१ डॉट डीबी.

ज्यांनी कधीच बॅकअप काढलेला नाही त्यांच्यासाठी इथे एक आशेची जागा आहे. ट्रूनॅस या फाइलची रोजची एक प्रत स्वतःहून ठेवतो, आणि ती सिस्टिम डेटासेटमध्ये (सिस्टिमने स्वतःसाठी राखलेल्या कप्प्यात) असते. हा डेटासेट सहसा पहिल्या बनवलेल्या डेटाच्या पूलवर असतो. म्हणजे बूट डिस्क मेली तरी नव्या डिस्कवर तीच आवृत्ती बसवून, पूल इम्पोर्ट करून, त्यातल्या लपलेल्या सिस्टिम डेटासेटमध्ये "कॉन्फिग्ज" नावाने सुरू होणाऱ्या फोल्डरखाली आवृत्ती आणि तारखेनुसार फाइली सापडू शकतात. बिघाडाच्या आदल्या तारखेची घ्या. इम्पोर्ट करताना "हा पूल दुसऱ्या सिस्टिमवर वापरात होता" अशी तक्रार आली तर घाबरू नका, नवीन बसवलेली सिस्टिम त्याला अनोळखी वाटते म्हणून ती येते.

फाइल चढवताना

सिनॉलॉजीची सेटिंग फाइल डीएसएस या शेपटीची असते, आणि कंट्रोल पॅनेलमधल्या "अपडेट अँड रिस्टोर"मधून ती काढता आणि चढवता येते. ट्रूनॅसमध्ये "सिस्टिम"खालच्या सेटिंगच्या पानावर. चढवणं म्हणजे फाइल निवडून रिस्टोर दाबणं, ते कोणीही करेल. अडतं ते पुढच्या गोष्टींवर.

आवृत्ती. जुन्या आवृत्तीची फाइल नव्यावर चढते. नव्याची जुन्यावर चढत नाही. दुकानातून आलेली नवीन पेटी किंवा कपाटातला जुना इन्स्टॉलर मागच्या आवृत्तीचा असतो, आणि फाइल "अवैध" म्हणून नाकारली जाते. फाइल खराब आहे असं समजून लोक ती डिलीट करतात. आधी सिस्टिम अपडेट करा, मग चढवा.

जागा. सिनॉलॉजीत फाइल चढवण्याआधी स्टोरेज पूल आणि व्हॉल्यूम (पूलमधले कप्पे) आधीसारखेच बनलेले हवेत. दोन व्हॉल्यूमची मांडणी असेल आणि नव्या पेटीत एकच केला असेल, तर शेअर तुम्हाला हवे तिथे बसणार नाहीत.

गुप्त बीज. ट्रूनॅसची फाइल डाउनलोड करताना "पासवर्ड सीक्रेट सीड" (फाइलीतले कुलूपबंद पासवर्ड उघडणारी किल्ली) सोबत घ्यायची का असं विचारणारी एक टिक असते. ती केली नाही तर फक्त डेटाबेस येतो. त्याच डिस्कवर परत चढवायला तो पुरतो. पण नव्या बूट डिस्कवर चढवलात तर क्लाउडच्या खात्याच्या चाव्या, डोमेनचा पासवर्ड, असं जे जे कुलूपबंद लिहिलेलं होतं ते उघडत नाही. युजर दिसतात, शेअर चालतात, सगळे खूश होतात, आणि रात्रीचा क्लाउड बॅकअप गुपचूप बंद पडलेला असतो. टिक केलीत तर टार फाइल येते, ती ठेवा. वर सांगितलेल्या रोजच्या प्रतीवरून चढवलं असेल तर क्लाउड आणि डोमेनचे पासवर्ड पुन्हा हाताने भरावे लागतील हे गृहीत धरा.

चाव्या. डेटासेट एन्क्रिप्ट केलेला असेल तर त्याच्या चावीची फाइल वेगळी एक्स्पोर्ट करून ठेवा. सिनॉलॉजीच्या एन्क्रिप्ट केलेल्या फोल्डरचंही तसंच. चावी नसेल तर ना कंपनी उघडून देऊ शकते, ना डेटा रिकव्हरीवाला. डिस्क पुसणं सोडलं तर या पूर्ण लेखात खरोखर परत न मिळणारी गोष्ट एवढीच आहे, म्हणून ती आजच करा.

नेटवर्क कार्ड. बोर्ड बदलला असेल तर लॅनच्या पोर्टचं नाव बदलतं आणि जुन्या नावावर लिहिलेला पक्का पत्ता कुणालाच लागत नाही. सेटिंग चढली, पेटी रीबूट झाली, आणि नेटवर्कवरून नाहीशी झाली, असं झालं तर बहुधा हेच कारण. मॉनिटर आणि कीबोर्ड लावून ट्रूनॅसच्या काळ्या स्क्रीनवरच्या मेनूतून नव्या पोर्टला पत्ता द्या.

फाइल नाही म्हणून हाताने युजर बनवताय? थांबा

या जागी सगळ्यात जास्त नुकसान होतं, म्हणून जरा सविस्तर.

आपल्याला युजर नावाने दिसतो, पण डिस्कवर फाइलच्या मालकाच्या जागी नाव नसतं, नंबर असतो. सिनॉलॉजीत १०२४ ॲडमिन, १०२५ गेस्ट, आणि आपण बनवलेला पहिला युजर १०२६. समजा पॅकिंग हाउसमध्ये आधी मालकांचा युजर केला तो १०२६, मग हिशेबाचा १०२७, मग स्कॅनरचा १०२८. सेटिंग गेली. आता घाईत कोणीतरी आधी स्कॅनरचा युजर केला, कारण पावत्या अडल्या होत्या. तो झाला १०२६. फोल्डरवरची जुनी परवानगी अजून नंबरानेच लिहिलेली आहे. म्हणजे मालकांच्या पगारपत्रकाची फाइल आता स्कॅनरच्या युजरला उघडते, ज्याचा पासवर्ड स्कॅनरवर चिकटवलेला आहे. मालकांना मात्र "परवानगी नाही". जे उघडत नाही त्याचा फोन लगेच येतो. नको त्याला जे उघडतंय, त्याचा फोन कोणी करत नाही.

म्हणून आधी जुने नंबर शोधा. एसएसएच (आदेश टाइप करून पेटीत शिरण्याची सोय) चालू करून फाइलींची यादी नावाऐवजी नंबरासकट मागवा (एलएस या आदेशाला एल आणि एन हे पर्याय द्यायचे). आपल्याला नक्की माहीत असलेल्या फाइली बघा: मालकांनी केलेली शीट, स्कॅनरने टाकलेली पावती. त्यावरून कुठला नंबर कोणाचा ते कागदावर मांडा. ट्रूनॅसमध्ये युजर बनवताना नंबर आपल्याला टाकता येतो, तिथे जुनाच टाका. सिनॉलॉजीच्या पानावर तशी सोय नाही, तो क्रमाने नंबर देतो. तिथे जुन्याच क्रमाने युजर बनवा, मधे कोणी सोडून गेलेला कर्मचारी असेल तर त्याच्या जागी बंद ठेवलेला युजर करा, आणि प्रत्येकाचा नंबर जुळला की नाही ते तपासून मगच पुढे जा.

हे जमण्यासारखं नसेल तर फोल्डरच्या परवानग्या नव्याने द्या आणि आतल्या सगळ्या फोल्डर-फाइलींना लागू करा. लाखो फाइली असतील तर याला तास लागतात, आणि आतल्या एखाद्या फोल्डरला दिलेली खास परवानगी पुसली जाते. लाईटचा भरवसा नसलेल्या दुपारी हे काम काढू नका.

सर्व्हर सुधारला तरी एखादा कॉम्प्युटर हट्ट सोडत नाही. विंडोज जुनं नाव-पासवर्ड आपल्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये जपून ठेवतं. ते काढा. एकाच नॅसला दोन वेगळ्या युजरनी जोडायला गेलं की त्रुटी १२१९ येते; जुनी जोडणी तोडून किंवा लॉगआउट करून पुन्हा जोडा. आणि फक्त जुना स्कॅनरच चालत नसेल तर तो एसएमबीची (विंडोजच्या फोल्डर शेअर करण्याच्या भाषेची) पहिली आवृत्ती बोलत असणार. नवीन बसवलेल्या सिस्टिममध्ये ती बंद असते आणि ती बंदच बरी. स्कॅनरला एफटीपीने फाइल टाकायला लावा, तोही फक्त एका फोल्डरपुरता.

पुढच्या पावसाआधी

फाइल काढणं दोन मिनिटांचं काम आहे. युजर वाढला, शेअर बदलला, अपडेट करायचं आहे, अशा प्रत्येक वेळी काढा, आणि एक आगोटीच्या वेळी काहीही बदललं नसलं तरी. फाइलच्या नावात ठिकाण, तारीख आणि आवृत्ती लिहा. सिनॉलॉजीत ही फाइल कंपनीच्या खात्यात आपोआप जाण्याची सोय आहे, ती चालू करावी असं माझं मत आहे. हायपर बॅकअप हे सिनॉलॉजीचं ॲप वापरत असाल तर त्यातही सिस्टिमची सेटिंग सोबत जाते, शिवाय ॲपची सेटिंगही घेता येते, जी नुसत्या डीएसएस फाइलमध्ये पूर्ण येत नाही.

ठेवायची कुठे? त्याच नॅसवर ठेवलेली प्रत गरजेच्या दिवशी त्याच नॅससोबत अडकते. त्याच इमारतीतही पुरत नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा तळमजल्यावरचं कपाट, टेबल, पेटी, सगळं एकाच पाण्यात होतं. एक प्रत घाटावर, कोल्हापूर-पुण्याकडे आपलं माणूस असेल तिथे राहू द्या. पेनड्राइव्हवर ठेवत असाल तर घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुडीसह. खाऱ्या हवेत त्याची टोकं काळी पडतात. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर मात्र टाकू नका. या फाइलीत पासवर्ड कुलूपबंद असतात, आणि बीज असलेल्या टार फाइलमध्ये कुलूप आणि किल्ली दोन्ही एकत्र असतात. पासवर्ड घातलेल्या झिपमध्ये ठेवा, आणि तो पासवर्ड निदान दोन माणसांना ठाऊक असू द्या.

फाइलसोबत एक कागदही लागतो. त्यावर नॅसचा पत्ता, सिस्टिमची आवृत्ती, रेडचा प्रकार, कुठल्या खणात कुठल्या सिरियल नंबरची डिस्क, आणि युजरची नावं त्यांच्या नंबरांसकट. प्लास्टिकच्या पाकिटात घालून फाइलला लावा.

एकदा फाइल चढवूनही बघा. ट्रूनॅस असेल तर जुन्या कॉम्प्युटरवर किंवा व्हर्च्युअल मशीनमध्ये (कॉम्प्युटरच्या आत चालणाऱ्या आभासी कॉम्प्युटरमध्ये) तीच आवृत्ती बसवून फाइल चढवता येते. पूल सापडत नाही म्हणून तो कुरकुरेल, ते चालेल. युजर, शेअर, ठरवलेली कामं दिसतात का ते बघा. पण त्याआधी त्या मशीनची लॅन वायर काढा, व्हर्च्युअल असेल तर नेटवर्क बंद करा. नाहीतर तो जुळा खऱ्या नॅसचाच पत्ता घेऊन उभा राहतो, ऑफिस अर्धं इकडे अर्धं तिकडे जोडलं जातं, आणि ठरलेल्या वेळी त्याचं क्लाउडचं कामही सुरू होऊ शकतं, तेही रिकाम्या फोल्डरवरून.

यूपीएस असेल तर त्याची यूएसबी वायर नॅसला खरोखर लावलेली आहे का ते हात घालून बघा. बऱ्याच ठिकाणी ती खोक्यातच असते. वायर नसेल तर नॅसला लाईट गेल्याचं कळतच नाही, आणि बॅटरी संपेपर्यंत तो चालत राहून मग धाडकन बंद होतो. वायर लावा, सेटिंगमध्ये यूपीएस चालू करा, आणि किती मिनिटांनी स्वतःहून बंद व्हायचं ते ठरवा. आपल्याकडे मी ही वेळ कमी ठेवतो. लाईट दहा मिनिटांत आली नाही तर ती बहुधा संध्याकाळपर्यंत येत नाही, आणि मधे येऊन जाणारे झटके सहन करायला थोडी बॅटरी उरलेली बरी.

रिस्टोर झाला, युजर तपासले, स्कॅनरने पावती टाकली, रात्रीचा बॅकअप एकदा हाताने चालवून पूर्ण झालेला पाहिला, की त्याच बैठकीत सेटिंगची नवी फाइल काढा. चढवताना सिस्टिमची आवृत्ती वाढलेली असते, पोर्टचं नाव बदललेलं असतं, एखादा पासवर्ड नवा असतो. नव्या फाइलीवर आजची तारीख घाला, आणि जुनी तिच्या शेजारीच राहू द्या.